सुकलेली शीळ

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. खारवेळ गावात ज्याला विचाराल तो आपल्या आजाच्या आजापर्यंत मागे जातो आणि मग वाटेत कुठेतरी हरवतो. खाडीवर तेव्हा पूल नव्हता, बंदराला धक्का नव्हता. समुद्र मात्र आत्ता आहे तेवढाच होता. त्या काळी खारवेळात धाकू तांडेल नावाचा एक खारवी मच्छीमार राहत होता. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. होडी बुडायची वेळ आली तर सगळ्यात शेवटी बुडायचं, हा त्याचा मान. या धाकूला समुद्रातल्या जिवांची भाषा कळत होती, असं म्हणतात.

म्हणायला काय जातं? पण धाकूच्या बाबतीत ते अगदीच खोटं नव्हतं. सगळं खोटं असतं तर पुढचं घडलंच नसतं.

खारवेळात एक रीत होती. बारशाला आत्या मुलाच्या कानात नाव सांगायची, ते सगळीकडे सांगतात तसंच. मग दुसऱ्या कानाशी आई तोंड न्यायची आणि शीळ घालायची. लहानशी, त्या मुलाची एकट्याची. एकाची शीळ दुसऱ्याला द्यायची नाही, मेलेल्याची जिवंताला द्यायची नाही. वादळात माणसाचं नाव हाकेच्या अंतरावरही पोचत नाही, शीळ पोचते. म्हणून झाकोळात होड्या चुकल्या की जो तो आपापली शीळ घालायचा, आणि किनाऱ्यावरच्या बायका तीच शीळ परत घालून त्याला वाट दाखवायच्या. वरच्या आळीतले शहाणे म्हणत, शीळ घालणारी बाई घर बुडवते. खारवाड्यात जिला शीळ येत नसे तिचं घर बुडायचं.

धाकू तरुणपणी ढोम्याच्या मागे असायचा. ढोमा मासा पाण्याखाली गुरगुरतो. होडी थांबवून वल्हं पाण्यात उभं सोडायचं, वरच्या मुठीला कान टेकवायचा, म्हणजे ते गुरगुरणं लाकडातून वर येतं. हे तिथे बऱ्याच जणांना यायचं. पण बाकीचे ढोमा ऐकून जाळं टाकायचे आणि कान काढून घ्यायचे. धाकूने कान काढला नाही. त्याला ढोम्याच्या पलीकडे आणखी कुणीतरी बोलताना ऐकू आलं, असं म्हणतात.

ते गादे होते. गादा म्हणजे शहरातली माणसं ज्याला डॉल्फिन म्हणतात आणि ज्याला बघायला हल्ली होडीत बसून ओकाऱ्या काढतात, तो. तो मासा नव्हे. पाण्यात राहतो आणि हवेवर जगतो. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन डोक्यावरच्या भोकातून फुस्स करतो आणि पुन्हा खाली जातो. मादी पिल्लाला दूध पाजते. पिल्लू जन्मलं की आई आणि मावश्या त्याला खालून ढकलत वर आणतात, पहिला श्वास घेता यावा म्हणून. झोपतो तोही अर्धाच, एक डोळा मिटून आणि एक उघडा ठेवून, कारण पुरता झोपला तर श्वास घ्यायचा राहून जाईल. (ही कला पुढे कचेऱ्यांतूनही दिसू लागली. तिथे श्वासाची अडचण नव्हती.)

खाडीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही. गादा टकटक आवाज सोडतो, आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत आला की त्याला कळतं, हा खडक, हा मासा, ही धाकूची होडी. वल्ह्याला कान लावला की कुणीतरी सुक्या शेंगा हलवतंय असं वाटायचं. आणि त्या शेंगांच्या आवाजावर तरंगत शिळा यायच्या. धाकू वर्षानुवर्षं ऐकत राहिला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक गाद्याची शीळ वेगळी आहे. कळपापासून दूर गेलेला गादा आपली शीळ घालतो, म्हणजे मी इथे आहे. आणि दुसरा त्याला बोलावतो तेव्हा त्याचीच शीळ घालतो, म्हणजे तू कुठे आहेस. पिल्लू झालं की आई शीळ घालते आणि घालतच राहते, ते पिल्लू आपली शीळ शिकेपर्यंत.

"म्हंजे आपल्यासारखंच की," बायको म्हणाली. तिचं नाव मथुरा. त्या वेळी तिच्या मांडीवर रवळू होता, त्यांचा एकुलता एक. त्याची शीळ तिने तेव्हा नुकतीच घडवली होती: आधी खाली, मग एकदम वर, आणि शेवटी पाण्यावर दगड घसरत जावा तशी लांब, सपाट.

"आपल्यासारखं नाय," धाकू म्हणाला. "आपून चुकतो. गादा शीळ चुकत नाय. एकदा ऐकली की ऐकली. तुजी-माजी पन घालेल हुबेहूब."

हे वाक्य नीट ध्यानात ठेवायचं. धाकूने ते सगळ्या गावाला सांगितलं होतं.

पुढे लखू मयेकर बुडाला. त्याचं प्रेत लागलं नाही, आणि थोड्या दिवसांनी संध्याकाळी समुद्रावरून त्याची शीळ आली. लखूचे दोघे भाऊ होडी घेऊन धावले. शीळ पुढे पुढे जात राहिली, ते मागे मागे जात राहिले, आणि खाडीच्या तोंडाशी जिथे लाटा फुटतात तिथे होडी उलटली. दोघेही गेले. शीळ दुसऱ्या दिवशीही आली. तेव्हा धाकूने वल्हं पाण्यात सोडून कान लावला आणि सांगितलं की लखू नाही, गादे आहेत. लखू रोज शीळ घालत समुद्रावर जायचा, ती त्यांनी उचलली आहे आणि आता पाण्यावर तोंड काढून तेच घालताहेत. माणसाची शीळ वाऱ्यावर येते, पाण्यात उतरत नाही. गाद्याची पाण्यातून येते. वल्ह्यात ऐकू आली तर तो गादा.

लखूच्या आयशीने तीन पोरगे घालवल्यावर गावाला ही अक्कल मिळाली.

जाखमातेच्या देवळापुढे गाव बसलं आणि ठरलं: समुद्रावरून कुणाचीही शीळ आली तरी धाकूने वल्ह्याला कान लावून सांगितल्याशिवाय होडी लोटायची नाही. नियम चांगला होता. त्यानंतर कितीतरी वेळा शिळा आल्या, धाकूने सांगितलं गादे आहेत, माणसं घरी राहिली आणि जगली. दोनदा त्याने सांगितलं की वल्ह्यात काही नाही, माणूस आहे, आणि दोन्ही वेळा माणसं जिवंत मिळाली. मग काय विचारता! लोक धाकूला लग्नाचे मुहूर्तही विचारू लागले. म्हैस कधी विईल, तेही. सुरुवातीला तो म्हणायचा, मला काय ठाऊक. पुढे पुढे वल्ह्याची मूठ पुसून म्हणायचा, बघू. माणसाला विचारणारे वाढले की त्याला उत्तरं सुचायला लागतात. धाकू वाईट माणूस नव्हता. नुसता बरोबर होता, आणि फार वर्षं बरोबर होता.

रवळू मोठा झाला, बापाच्या होडीवर गेला, मग स्वतःच्या. उंच, बडबड्या, घराच्या वळणावरूनच शीळ घालत येणारा. मथुरा चुलीपाशी बसून ती परत घालायची, म्हणजे भात तयार आहे.

एका वर्षी पाऊस संपल्यावर, होड्या नुकत्या पाण्यात उतरल्या असताना, अवेळी वादळ उठलं. रवळू आणि त्याचा जोडीदार बुधा बाहेर होते. दुसऱ्या दिवशी बुधा एका फळीला मिठी मारून किनाऱ्याला लागला. शुद्धीवर आल्यावर त्याने सांगितलं, होडी फुटली, रवळू माझ्या डोळ्यांदेखत खाली गेला, वर आला नाही. धाकूने ऐकून घेतलं आणि बुधाला पेज द्यायला सांगितलं.

वादळ निवळलं, पण समुद्र उतरला नाही. खाडीच्या तोंडावर लाटा घरांच्या उंचीने फुटत होत्या, आणि सगळीकडे असा झाकोळ की किनाऱ्यावरून पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. अशा एका सकाळी शीळ आली. आधी खाली, मग एकदम वर.

मथुरा राखेच्या हातांनी धावत आली. मागून गाव आलं. जवान पोरांनी सांगण्याआधीच होडी वाळूवरून ओढत आणली आणि मग, नियम होता म्हणून, सगळे थांबले.

"धाकूदा, कान लाव," एक जण म्हणाला. "आमी हाव तयार. तू नुस्तं बोल."

धाकू कमरेएवढ्या पाण्यात गेला. वल्हं उभं केलं, मुठीला कान टेकवला. त्या वेळी त्याच्या मनात काय होतं ते कुणालाच माहीत नाही, पण सगळे सांगतात: त्याला वल्ह्यात काही ऐकू येऊ नये, एवढंच त्याने जाखमातेपाशी मागितलं, असं म्हणतात. देवीने लक्ष दिलं नाही. लाकडातून स्वच्छ शीळ आली. रवळूचीच. एकदा, दोनदा, मग दुसऱ्या बाजूनेही, दुसऱ्या गळ्यातून.

त्याला खोटं बोलता आलं असतं. नुसतं 'माणूस आहे' म्हणायचं होतं. कुणी वल्हं तपासायला येणार नव्हतं. त्याने मान वर केली तर समोर लखूची म्हातारी आयशी उभी होती. ती होडीला हात लावून उभ्या असलेल्या पोरांकडे एकेक करून बघत होती.

"पान्यातनं येतेय," धाकू म्हणाला. "गादे हायत."

पोरांनी होडीवरचे हात काढले.

"अवो, तो आपला रवळू हाय," मथुरा म्हणाली.

"बुधानं डोळ्यांनी बघितला, मथरे."

"बुधाच्या डोळ्यांत तवा खारं पानी व्हतं. माज्या कानात नाय. शेवट ऐकलात? शेवटाला तुटतेय ती. रवळूची कवा तुटली व्हती?"

शेवट तुटत होता हे खरं होतं. वल्ह्यातही तुटत होता. लांब सपाट सूर निघायचा आणि मध्येच फाटून नुसती हवा व्हायची.

"नीट शिकले नसतील," धाकू म्हणाला.

"गादा चुकत नाय. कोन बोललं व्हतं? साऱ्या गावाला कोनी पढवलं?"

धाकूने वल्ह्याची मूठ पुसली.

"घसा सुकलाय त्याचा," मथुरा म्हणाली. "ओठ सुकलेत. सुकल्या तोंडाची शीळ हाय ती. पान्यातल्या जनावराला कसली आली तहान?"

मागे कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, आयशीचं काळीज, तिला असंच वाटणार. ते धाकूला ऐकू आलं आणि बरं वाटलं. कारण ती म्हणत होती ते त्याला पटायला लागलं होतं, आणि पटलं असतं तर दुसऱ्यांची पोरं त्या लाटांत घालावी लागली असती. त्याच्याजवळ एक नियम होता, नियमाने आजवर माणसं वाचवली होती. वल्ह्यात ऐकू आलं तर गादा. शीळ एकाच वेळी वाऱ्यावरून आणि पाण्यातून, दोन्हींकडून येऊ शकते, हे नियमात बसत नव्हतं.

"कायदा सगळ्यांना एक," तो म्हणाला. "माजं पोर हाय म्हनून वेगळा नाय."

गावाला त्याचा फार अभिमान वाटला. अजून सांगतात.

मथुरा वाळूवर बसली आणि शीळ परत घालू लागली. तिकडून आली की ती घालायची. दिवसभर. रात्री तिला उचलून घरी नेली. दुसऱ्या दिवशीही तिकडची शीळ आली, जास्त तुटकी, आणि मग वाऱ्यावरची थांबली. धाकूने कुणाला न सांगता वल्ह्याला कान लावून पाहिला. पाण्यातली चालूच होती.

समुद्र उतरला. झाकोळ गेला आणि बाहेर रेडा खडक दिसू लागला. पाण्यात बसलेल्या रेड्यासारखा दिसतो म्हणून रेडा; भरतीला त्याची नुसती पाठ वर राहते. त्या पाठीवर एक वल्हं फटीत उभं खोचलेलं होतं आणि त्याला सदरा बांधलेला होता.

पहिल्या होडीत धाकू होता. खडकावर दगडाने फोडलेले कालवांचे शिंपले पडले होते. पावसाचं पाणी साचलेल्या एका खळग्याभोवती बोटांनी खरवडल्याच्या खुणा होत्या; लाटांनी त्यात समुद्र घालून ते कधीच खारट केलं होतं. रवळू वल्ह्याच्या बुंध्याशी पाठ टेकून बसला होता, तोंड गावाकडे. ओठ फाटलेले, वाळून काळे पडलेले. धाकूने त्याला उचललं तेव्हा अंग ताठलेलं नव्हतं. समुद्रावर जगणाऱ्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. काल नाही. आज. कदाचित यांनी होडी लोटली तेव्हा.

आणि खडकाभोवती गादे फिरत होते. फुस्स करत वर येत आणि शीळ घालत. आधी खाली, मग एकदम वर, आणि शेवटी तुटून नुसती हवा. एकाची तशीच, दुसऱ्याचीही तशीच, आईच्या अंगाला चिकटून पोहणाऱ्या पिल्लाचीही. कुणीही चुकत नव्हतं. त्यांनी ऐकली ती सुकलेलीच ऐकली होती, आणि ऐकली तशी उचलून खाडीच्या तोंडापर्यंत आणून पोचवली होती. निरोप बिनचूक पोचला होता. घेणाऱ्याने तो बिनचूक ऐकला, नियमाशी ताडून पाहिला आणि बाजूला ठेवला.

गावाने धाकूला दोष दिला नाही. तुझं काय चुकलं, म्हणाले. तू तर स्वतःच्या पोरालाही सवलत दिली नाहीस. येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा आणि म्हणून झाल्यावर त्याला बरं वाटायचं. धाकू मान हलवायचा. लखूची आयशी तेवढी आली नाही. ती दारावरून जाताना एकदा थांबली आणि म्हणाली, "मी त्या दिवशी तोंड उघडायला होवं व्हतं रं धाकू." मग गेली.

मथुरा भात शिजवायची, वाढायची, पाणी मागायच्या आधी पुढे ठेवायची. शीळ मात्र तिने पुन्हा घातली नाही. शेजारणीचं बारसं झालं तेव्हा बायकांनी नवी शीळ सुचवायला बोलावलं, तर तिने लुगड्याचा पदर तोंडावर धरला आणि तशीच बसून राहिली.

धाकूने जाळं विकलं नाही, नुसतं वाळूवर राहू दिलं. ते तिथेच कुजलं. तो रोज एकटा होडी घेऊन रेडा खडकापाशी जायचा, वल्हं उभं करायचा आणि कान लावायचा. गादे यायचे. ते दुसऱ्या कुणाच्या शिळा घालायचे, आपापल्या घालायचे, आणि मग न चुकता ती. लोक विचारायचे, धाकूदा, काय ऐकतोस? तो म्हणायचा, "पानी मागतोय." रीत अशी की कुणी आपली शीळ घातली तर ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं. धाकू पाण्याजवळ तोंड नेऊन आपली स्वतःची शीळ घालायचा, म्हणजे मी इथे आहे, येतो आहे. मग पुन्हा कान. उत्तर तेच यायचं. ज्याला धाकूचं उत्तर पोचवायचं होतं तो आता कुठेच नव्हता, आणि गाद्यांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

असं बरीच वर्षं चाललं. मथुरा गेली. तिला पोचवून आला त्या दिवशीही तो खडकापाशी गेला. मग एका संध्याकाळी त्याची होडी रिकामी सापडली, रेडा खडकाजवळ, जागच्या जागी. वल्हं पाण्यात आपोआप उभं होतं, कुणी धरल्यासारखं, असं म्हणतात. भाविक म्हणतात, गादे त्याला पाठीवर घेऊन गेले. शहाणे म्हणतात, म्हाताऱ्याला झोप लागली आणि तो पडला. दोन्ही प्रकारची माणसं त्या वेळी घरी जेवत होती. एवढं मात्र खरं की पुढच्या मोसमात गाद्यांच्या कळपात धाकूचीही शीळ ऐकू येऊ लागली. सुकलेली शीळ आली की मागोमाग ती. मी इथे आहे, येतो आहे.

आता खाडीवर पूल आहे. होड्यांना इंजिनं आहेत, वादळ उठायच्या आधी फोन वाजतात. पण खारवेळात नवं वल्हं केलं तर अजून त्याच्या मुठीवर आडवी खाच पाडतात, कान टेकता येऊ नये म्हणून. वल्ह्याला कान लावणं गावात पाप आहे. आणि समुद्रावरून शीळ आली, कुणाचीही, कसलीही, तरी विचारायचं नाही. जी होडी जवळ असेल ती लोटायची, आत गोड्या पाण्याची भरलेली कळशी ठेवायची आणि निघायचं. लाटा फारच असल्या तर आधी म्हातारी माणसं बसतात.

मागे मासेमारी खात्याचा एक साहेब आला होता. त्याने विचारलं, "असं जाऊन आजवर किती माणसं वाचवलीत?"

"अजून तरी कोन नाय," आताचा तांडेल म्हणाला.

"मग असतं कोण तिथे?"

"गादे असतात."

"दर वेळी?"

"दर येळी."

"मग जाता कशाला?"

तांडेल कळशीचं तोंड फडक्याने बांधत होता. "पानी न्याचं ऱ्हायलंय साहेब," तो म्हणाला. "जरा सरकता का, होडी लोटायचीय."

साहेबाने त्यावर काही लिहून घेतलं नाही, हे त्याचं चांगलंच म्हणायचं.

रेडा खडकापाशी पोचलं की होडीचं इंजिन बंद करतात. गादे भोवती असतात. त्या वेळच्या गाद्यांची ही नातवंडं-पतवंडं. यांनी रवळूला पाहिलेलं नाही. ती शीळ यांना यांच्या आयांनी शिकवली आणि यांनी ती धरून ठेवली. शेवट अजून तिथेच तुटतो. ज्यांना जन्मात तहान लागलेली नाही, ते एका माणसाची तहान जशीच्या तशी म्हणत फिरतात.

मग कळशी खडकावर ओततात. दगड तेवढा ओला होतो. होडी वळेपर्यंत वाळलेला असतो.